लूमची पाळी बदलते, मग इन्सुलिन कोणतं मानवेल?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे ४७ वर्षांचे आहेत, राहायला सोलापुरात विडी घरकुलात, कामाला अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात लूमवर. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रात्रपाळी, दोन्ही आठ ते आठ. डायबेटिस १२ वर्षांपासून. चार वर्षं पेनमधून ह्युमन ३०/७० हे तयार मिश्र इन्सुलिन घेत होते, सकाळी २४ आणि रात्री १८ युनिट. जोडीला मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या गोळ्या. पेनमध्ये घालायची त्याची कार्ट्रिज मिळेनाशी झाली, तेव्हा मेडिकलवाल्याने ‘तेच आहे, नवीन आलंय’ म्हणून दुसरं ३०/७० दिलं. तेव्हापासून सकाळी कामावर जाताना गाडीवरच घाम फुटतो, हात थरथरतात. रात्रपाळीत पहाटे तीनच्या सुमाराला शुगर लो होते, पण ते आधीपासूनच आहे. आणि एवढं सगळं होऊनही एचबीएवनसी, म्हणजे दोन-तीन महिन्यांच्या शुगरचा रिपोर्ट, ९.२. मेहुणे म्हणतात, महागातलं घे. घरातून म्हणतात, हे इन्सुलिनच तुम्हाला मानवत नाही. तर मानवेल असं इन्सुलिन कोणतं?

मेहुण्यांचं आणि वहिनींचं, दोघांचंही थोडंथोडं बरोबर आहे. पण आधी उद्या सकाळचं बोलू, कारण ते थांबण्यासारखं नाही.

तुम्ही लिहिलंय की इंजेक्शन घरी घेता, गाडी काढता आणि कारखान्यात पोचल्यावर डबा उघडता. जुन्या इन्सुलिनला हे चालून जात होतं. त्यातलं ३० टक्के रेग्युलर इन्सुलिन टोचल्यावर कामाला लागायलाच अर्धा तास घेतं, म्हणून तर तेव्हा ‘जेवणाआधी अर्धा तास’ सांगितलं होतं. आता तुमच्या खोक्यावर बारीक अक्षरात काय छापलंय ते वाचा. ॲस्पार्ट किंवा लिस्प्रो असा शब्द असेल तर ते ॲनालॉग, म्हणजे ह्युमनमध्ये थोडा बदल करून बनवलेलं, मिश्रण आहे, आणि त्याचा जलद भाग १० ते १५ मिनिटांत सुरू होतो. म्हणजे तुम्ही गाडीवर असता तेव्हा शुगर उतरायला लागलेली असते आणि भाकरी डब्यात असते. ३०/७० हा आकडा फक्त प्रमाण सांगतो. आत काय मिसळलंय ते सांगत नाही. उद्यापासून ताट समोर आल्यावरच टोचा, घरी खाऊनच निघा, आणि गाडीला किक मारण्याआधी एकदा तपासा. ९० च्या खाली असेल तर आधी खा, मग निघा. ही बदली डॉक्टरांच्या कानावर घातली नसेल तर याच आठवड्यात घाला. डोस त्यांनी जुन्या इन्सुलिनच्या हिशोबाने लिहिलाय.

आता रात्रपाळी. इथे नवं-जुनं दोन्ही सारखंच वागणार, कारण अडचण मिश्रणाच्या दुसऱ्या भागात आहे. ते ७० टक्के, जे दुधासारखं पांढरट दिसतं, सावकाश विरघळतं आणि टोचल्यापासून साधारण ४ ते १० तासांच्या मध्ये जोरात असतं. दिवसपाळीत सकाळी सातचा डोस दुपारी एकच्या डब्यावर बरोबर येऊन पडतो. ज्याचं जेवण, काम आणि झोप घड्याळाला बांधलेली आहे त्याला हे मिश्रण कमी पैशात छान सांभाळतं. निवृत्त शिक्षक, नवी पेठेतले दुकानदार, असे माझे कितीतरी पेशंट वर्षानुवर्षं त्याच्यावर आहेत आणि मी त्यांना हात लावत नाही.

पण तुमची रात्र मांडून बघा. सात वाजता १८ युनिट, साडेसातला जेवण, आठला लूम. बारा ते तीन, म्हणजे पांढऱ्या भागाच्या ऐन जोराच्या वेळी, पोटात चहा-बिस्किटापलीकडे काही नाही आणि तुम्ही उभे, या लूमवरून त्या लूमवर. लो होणारच. सकाळी साडेआठला घरी येऊन २४ युनिट घेता, चार घास पोहे खाता आणि पडदा ओढून झोपता. त्या २४ पैकी जवळजवळ १७ युनिट तुम्ही झोपेत असताना काम करणार. दुपारी उठल्यावर डोकं जड, बनियन ओलं, कुणी बोललं तरी राग येतो, असं होतं का? मे महिन्यात सोलापुरात दुपारी झोपलेल्या कुणाचंही बनियन ओलंच असतं, म्हणून घरात कुणाला शंका येत नाही. रात्रपाळीच्या आठवड्यात एकदा दुपारी दीडचा गजर लावून तपासा. माझा अंदाज आहे की तिथे ७० च्या खालचा आकडा दिसेल.

मग ९.२ कुठून आलं? त्या लोमधूनच. तीन वाजता थरथर झाली की माणूस तीन चमचे साखरेवर थांबत नाही. गोड चहा, बिस्किटाचा अख्खा पुडा, शेजारच्याच्या डब्यातली शेंगापोळी, हाताला लागेल ते खातो. घाबरलेल्या शरीराने सोडलेली साखर वेगळीच. सकाळी मीटर २८० दाखवतो, आणि पुढच्या रात्री ‘लो नको’ म्हणून डोस बुडवला जातो. ९.२ म्हणजे दोन-तीन महिन्यांची सरासरी साधारण २१७. सरासरीत ५५ सुद्धा लपतं आणि ३८० सुद्धा. अशा वेळी फक्त रिपोर्ट बघून डोस वाढवला की लो आणखी वाढतात. तुम्ही डॉक्टरांना तीनच्या लोबद्दल सांगितलंय का, हे पत्रात दिसत नाही.

आणखी एक. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला पिळून इन्सुलिन काढायला लावते. दिवसातून दोनदा मिश्र इन्सुलिन चालू असताना ती गोळी पूर्वीच्याच मात्रेत लागते का, हे डॉक्टरांना मुद्दाम विचारा. बऱ्याच जणांची ती कमी किंवा बंद करावी लागते. मेटफॉर्मिन वेगळी, किडनी ठीक असेल तर ती सहसा चालूच ठेवतात.

इन्सुलिन बदलण्याआधी मी प्रत्येकाला शर्ट वर करायला सांगतो. नुसतं बघून भागत नाही, बोटांची टोकं पोटावर सरकवावी लागतात. बेंबीच्या दोन्ही बाजूंना, दोन-तीन बोटं अंतरावर, कातडीखाली रबरासारखी घट्ट चकती लागते. पेशंट स्वतः सांगतो, ‘डॉक्टर, तिथं टोचलं की दुखत नाही, म्हणून तिथंच घेतो.’ दुखत नाही कारण तिथे गाठ झालीय, आणि त्या गाठीतून इन्सुलिन कधी अर्धं शोषलं जातं, कधी सगळं एकदम. एकच डोस, एकच भाकरी, आणि शुगर एक दिवस ११०, एक दिवस ३१०. अशाला कुठलंही महागडं इन्सुलिन दिलं तरी ते ‘मानवणार’ नाही. आज आंघोळीच्या वेळी साबणाचा हात फिरवून बघा. गाठ असली तर ती जागा काही महिने सोडायची, रोज बोटभर सरकत जायचं, ४ मिमीची सुई वापरायची, आणि तीच ती सुई आठवडाभर चालवायची नाही. मात्र सावध: गाठीत मुरणारा डोस चांगल्या जागी टोचला की पूर्ण लागू पडतो आणि शुगर दाणकन उतरू शकते. जागा बदलायच्या दिवसांत डोस किती कमी करायचा, ते आधी विचारून घ्या.

सिरिंजची चूक त्याहून धोक्याची. ह्युमन ३०/७० बाटलीत अजून मिळतं, आणि कार्ट्रिज मिळत नाही म्हणून बरेच जण आता बाटलीकडे वळतायत. आपल्याकडे बाटली बहुतेक वेळा ४० ची असते, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट, आणि तिची सिरिंज लाल टोपीची. पेनच्या कार्ट्रिजमध्ये १०० असतात. त्या ताकदीची सिरिंज केशरी टोपीची. ४० च्या बाटलीतून केशरी सिरिंजने १० च्या खुणेपर्यंत ओढलं तर अंगात जातात फक्त ४ युनिट. मग आठवडाभर शुगर ३५०, आणि निष्कर्ष काय, तर बाटलीचं इन्सुलिन मला लागू पडत नाही. उलट, पेन बिघडलं म्हणून कार्ट्रिजमधून लाल सिरिंजने १० पर्यंत ओढलं तर जातात २५. हे जिवावर बेततं. कार्ट्रिजमध्ये सिरिंज कधीच खुपसू नका. मेडिकलमधून आणलेल्या खोक्यावरचा आकडा आणि टोपीचा रंग घरी दोघांनी वाचावा, तुम्ही आणि वहिनींनी.

पांढरं इन्सुलिन न मिसळता घेणं ही तिसरी गोष्ट. पेन तळहातांमध्ये दहा वेळा लाटल्यासारखं फिरवायचं, मग दहा वेळा सावकाश उलटं-सुलटं करायचं, सगळीकडे सारखं दुधाळ दिसेपर्यंत. जोरात हलवायचं नाही. दोन युनिट हवेत सोडून थेंब येतो का बघायचं, आणि टोचल्यावर सुई दहापर्यंत मोजून काढायची. घाईत पाचवर काढणाऱ्याच्या पोटावर थेंब दिसतो. तो थेंब म्हणजे न पोचलेला डोस.

आणि आपलं ऊन. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ ला जातो, लूमच्या शेडमध्ये पत्र्याखाली त्याहून वाईट. पेन गाडीच्या डिकीत किंवा लूमशेजारच्या खिडकीत ठेवलं तर इन्सुलिन मरतं, वरून दिसत मात्र नाही. न उघडलेलं २ ते ८ अंशांत, फ्रिजच्या मधल्या कप्प्यात. फ्रीजरला चिकटून गोठलेलं फेकून द्यायचं, वितळवून वापरायचं नाही. चालू पेन ३० अंशांच्या आत बहुतेक प्रकारांत चार आठवडे टिकतं. नेमके दिवस माहितीपत्रकात असतात. फ्रिज नसेल, लाइट जात असेल तर मातीचं मडकं. पसरट मडक्यात ओली वाळू, त्यात लहान मडकं, आत झाकणाच्या कोरड्या डब्यात इन्सुलिन, वरून ओलं फडकं. आपली हवा कोरडी असल्यामुळे पाणी भराभर उडतं आणि मडकं चांगलं गार राहतं. पावसाळ्यात तेवढं राहत नाही. पांढऱ्या इन्सुलिनमध्ये कण दिसले, काचेला बर्फासारखे चट्टे धरले, किंवा पाण्यासारखं असायला हवं ते गढूळ झालं, की ते टाका.

एवढं सगळं ठीक असूनही मानवत नाही, असं होतं का? होतं. इन्सुलिनचा इतिहासच तिथून सुरू होतो. १९२२ च्या जानेवारीत टोरोंटोमध्ये लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं, तेव्हा शुगर किरकोळ उतरली आणि टोचल्या जागी गळू झालं. अर्क अशुद्ध होता. जेम्स कॉलिपने तो शुद्ध केल्यावर बारा दिवसांनी पुन्हा दिला, तेव्हा पोरगा सावरला. पुढे गाई-डुकरांच्या इन्सुलिनवरून १९८० च्या दशकात लोक ह्युमनवर आले, तेव्हा काहींनी सांगितलं की लो होण्याआधीची सूचनाच आता नीट मिळत नाही. अनेकांवरच्या एकत्रित अभ्यासांत तसा फरक सिद्ध झाला नाही, पण सांगणारे खोटं बोलत होते असंही मी म्हणणार नाही. पेशंटने ‘काहीतरी बिघडलंय’ म्हटलं की आधी मीटर आणि वही बघायची, मग मत द्यायचं.

कारण काही तक्रारी फसव्याही असतात. महिनोन्‌महिने ३०० वर राहिलेल्या शरीराला १२० सुद्धा लो वाटतं. थरथर तीच, घाबरं तेच. म्हणून शक्य तेव्हा तपासल्याशिवाय साखर खायची नाही. मात्र मीटर जवळ नसेल तर आधी साखर खा, शंका नंतर. शुगर आटोक्यात आल्यावर पहिले काही आठवडे अंधुक दिसतं, चष्मा बदलायची घाई करू नका. वजन दोन-चार किलो वाढू शकतं. टोचल्या जागी लाल चट्टा, खाज, अंगावर गांध्या उठल्या तर मात्र ती खरी ॲलर्जी असू शकते. विरळ आहे, पण लगेच दाखवा. आणि ‘इन्सुलिन सुरू केलं म्हणून किडनी गेली’ हे उलटं आहे. किडनी जायला लागेपर्यंत इन्सुलिन टाळलेलं असतं.

आता तुमच्यासाठी काय. बदलत्या पाळीला तयार मिश्रण बसत नाही, हे माझं स्पष्ट मत. मी तुमच्या डॉक्टरांच्या जागी असतो तर दोन भाग वेगळे केले असते: चोवीस तास सपाट चालणारं एक, आणि जेवेल तेव्हाच घ्यायचं दुसरं. सपाटमध्ये ग्लार्जिन २००० सालापासून वापरात आहे, भारतातल्या कंपन्याही बनवतात. ते रोज एकाच वेळी घ्यायचं, पाळी कुठलीही असो. संध्याकाळी सात तुम्हाला दोन्ही पाळ्यांत जमणार नाही, कारण दिवसपाळीत तेव्हा तुम्ही कारखान्यात असता. रात्री नऊ रात्रपाळीत अडतं. सकाळी सातही रात्रपाळीत लूमवरच येतात. म्हणून पेन डब्याच्या पिशवीत न्यायचं, किंवा डेग्लुडेक घ्यायचं. ते ४० तासांच्या आसपास टिकतं, त्यामुळे वेळ पुढेमागे झाली तरी चालते, फक्त दोन डोसांत निदान ८ तास हवेत. जेवणाचं जलद इन्सुलिन मात्र ताटाबरोबरच. जेवण नाही तर तो डोसही नाही. ही दोन्ही पाण्यासारखी दिसतात, म्हणून एका पेनला रंगीत चिकटपट्टी लावा. रात्री अर्धवट उजेडात अदलाबदल झालेली मी पाहिलीय. ग्लार्जिन दुसऱ्या कशातही मिसळायचं नाही.

खर्च ह्युमनच्या कितीतरी पट होतो, हे लपवण्यात अर्थ नाही. परवडत नसेल तर मधला रस्ता आहे: ह्युमनमधलंच रेग्युलर आणि पांढरं एनपीएच वेगवेगळं घ्यायचं, आणि डॉक्टरांकडून दोन कागद लिहून घ्यायचे, एक दिवसपाळीचा, एक रात्रपाळीचा. रात्रपाळीच्या कागदावर पांढऱ्याचा डोस आणि वेळ वेगळी असेल. कटकट आहे, पण यावर माणसं नीट राहतात. ह्युमन इन्सुलिनची चौकशी सिव्हिलमध्ये आणि जनऔषधी केंद्रात करा. मेहुण्यांना सांगा, महागातलं इन्सुलिनही गाठीत टोचलं आणि डिकीत ठेवलं तर वाया जातं.

नवीन काहीही सुरू झालं की रोज डोस हलवू नका. सपाट इन्सुलिनला स्थिरावायला तीन-चार दिवस लागतात. स्ट्रिप महाग आहेत, तेव्हा हाताला येईल तेव्हा तपासण्यापेक्षा जोडीने तपासा: एका दिवशी झोपण्याआधी आणि उठल्यावर, म्हणजे सपाट इन्सुलिनचा हिशोब कळतो, दुसऱ्या दिवशी एकाच जेवणाआधी आणि दोन तासांनी, म्हणजे जलदचा. वहीत शेजारी पाळी, जागा आणि काय खाल्लं तेही लिहा. मंगळवेढ्याची ज्वारी असली तरी भाकरी मोजायची. ज्वारीतही वजनाच्या ७० टक्क्यांच्या आसपास कर्बोदकंच. कडक भाकरी पातळ आणि हलकी म्हणून आमटीत कुस्करताना तीन कधी संपतात कळत नाही. शेंगाचटणीचं तेल शुगर उशिरा चढवतं, म्हणून दोन तासांचा आकडा चांगला आणि चार तासांचा वाईट असंही दिसेल. एकादशी किंवा रोजा धरायचा तर आदल्या आठवड्यात डॉक्टरांकडे जा. मिश्र इन्सुलिन नेहमीच्या डोसात घेऊन उपास करू नये. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांबरोबर दिवसभर चाललात तर लो त्या रात्री झोपेतही येऊ शकतो.

शेवटी लूमवरचं. त्या शेडमध्ये घाम सगळ्यांनाच असतो, तेव्हा तुमची खूण घाम नाही. माझे लूमवरचे पेशंट सांगतात की पहिल्यांदा हात फसतात: तुटलेला धागा जोडताना गाठ बसत नाही, एरवी डोळे मिटून होणारं काम दोनदा-तीनदा करावं लागतं, किंवा शेजारच्यावर विनाकारण ओरडलं जातं. असं झालं की लूम थांबवा. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी, अजून खालीच असेल तर पुन्हा तेवढंच, आणि सावरल्यावर अर्धी भाकरी किंवा बिस्किटं. बिस्किटाने सुरुवात नको, त्याला वेळ लागतो. ग्लुकोजची पुडी शर्टच्या खिशात ठेवा, लॉकरमध्ये नाही. शेजारच्या दोघांना सांगून ठेवा की तुम्ही शुद्धीवर नसाल तर तोंडात पाणी, साखर, चहा काहीही घालायचं नाही. कुशीवर वळवायचं आणि १०८ ला फोन करायचा.